दमेकऱ्याच्या मनाची चौकशी कोण करणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली, थंडीची चाहूल लागली की वृत्तपत्रांच्या आरोग्यपानांवर दम्याचे लेख येऊ लागतात. धूळ, फटाक्यांचा धूर, गाद्या-उशांना ऊन देणं, मच्छर अगरबत्ती बंद करणं हे सगळं त्यात असतं आणि ते असायलाच हवं. मनाचा विषय मात्र 'ताणतणाव टाळा' एवढ्यावर उरकतो. घरोघरीही दमेकऱ्याला हेच ऐकवलं जातं: 'तू मनाला फार लावून घेतेस, म्हणून तुला धाप लागते.' हे अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं असं, की श्वासनलिकेला आलेली सूजच मनाला खाली ओढते, आणि दम्याची काही औषधंही त्यात भर घालतात. रुग्णाला हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

दम्याला मनाच्या खात्यात टाकण्याची खोड जुनी आहे. १९५० च्या सुमारास शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनातून उद्भवणाऱ्या सात आजारांच्या यादीत दमा बसवला होता. श्वासनलिकेतला दाह नीट कळल्यावर ती यादी मागे पडली. दोष रुग्णाच्या स्वभावाला देण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

दम्यात श्वासनलिकेचं आतलं अस्तर सुजलेलं असतं, आणि ही सूज धाप लागलेली नसतानाही राहते. तिथे जमलेल्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यातली काही रक्तात उतरतात आणि मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींना जागं करतात. ताप आलेला माणूस आठवून पाहा. जेवण नको, बोलणं नको, कोणी विचारलं तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. ही मेंदूने दिलेली आज्ञा असते आणि ती याच रसायनांमुळे निघते. ताप तीन दिवसांत उतरतो, दम्याची सूज महिनोन्‌महिने धुमसत राहते. शिवाय मनःस्थिती सांभाळायला मदत करणारं सेरोटोनिन ज्यापासून बनतं, त्या ट्रिप्टोफॅनचा काही भाग दाहामुळे सेरोटोनिनकडे न जाता दुसऱ्या वाटेने खर्च होतो. रोगप्रतिकारक रसायनं माणसाला खरंच उदास करतात याचा सर्वात स्पष्ट पुरावा दुसऱ्याच आजारातून मिळाला: हिपॅटायटिस-सीसाठी इंटरफेरॉन या अशाच एका रसायनाची इंजेक्शनं दिली जात, तेव्हा साधारण चौघांत एकाला उपचारादरम्यान खरं नैराश्य येत असे.

निरोप जाण्याचा दुसरा रस्ता मज्जातंतूचा. व्हेगस ही चेता फुप्फुसापासून थेट मेंदूच्या बुंध्याशी जाते. श्वासनलिकेत चुरचुर झाली, आकुंचन झालं की तिथली बातमी हिच्यावाटे वर पोहोचते आणि पुढे इन्सुला या भागात जाते. शरीराच्या आत काय चाललं आहे याची जाणीव आणि भीती, घृणा यांसारख्या भावना जिथे एकमेकींत मिसळतात, तो हा भाग. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मेलिसा रोझेनक्रान्झ, रिचर्ड डेव्हिडसन, विल्यम बुसी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सौम्य दमा असलेल्या सहा जणांना त्यांना बाधणारा पदार्थ श्वासावाटे देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं आणि त्या वेळी पडद्यावर शब्द दाखवले. काही साधे, काही 'एकटेपणा'सारखे दुःखाचे, काही 'घरघर'सारखे दम्याचे. दम्याच्या शब्दांना इन्सुला आणि पुढचा सिंग्युलेट या भावनांशी निगडित भागांनी दिलेला प्रतिसाद आणि नंतर थुंकीत वाढलेल्या दाहपेशी यांचा मेळ बसत होता. सहा माणसं म्हणजे फारच थोडी, हे मान्य. पण याच गटाने २०२२ मध्ये मध्यमवयीन दमेकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दमा असलेल्यांच्या, विशेषतः तीव्र दमा असलेल्यांच्या, मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंत, फरक दिसले. विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित १७ देशांच्या पाहणीत ८५ हजारांहून अधिक प्रौढ होते. दमा असणाऱ्यांत नैराश्य आणि चिंताविकारांची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट निघाली.

यात झोपेचाही वाटा मोठा. दमा रात्री, विशेषतः पहाटे तीन-चारच्या सुमारास बळावतो, कारण रात्री कॉर्टिसॉल हे सूज आवरणारं शरीरातलं संप्रेरक खालच्या पातळीवर असतं आणि श्वासनलिका मुळातच थोड्या अरुंद होतात. बाळदमा असलेलं मूल रात्री तीनदा खोकून उठतं आणि सकाळी वर्गात पेंगतं. बाई तक्रार करतात की लक्ष नाही, घरचे म्हणतात चिडका झालाय. अशा मुलाला रागावण्याआधी त्याच्या रात्रीच्या खोकल्याची आठवडाभर नोंद ठेवावी: किती वाजता उठला, किती वेळा, पंप द्यावा लागला का. डॉक्टरांना ही चिठ्ठी प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त सांगते.

आता औषधं. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथेच होतं आणि ते टाळताही येतं.

सर्वात आधी मॉन्टेलुकास्ट, दमा आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी देतात ती गोळी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा लेव्होसेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या औषधाबरोबर एकत्र येते आणि 'सर्दीची गोळी' म्हणून मेडिकलवर मागितली जाते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत 'मॉन्टेलुकास्ट सोडियम' लिहिलेलं असतं. ४ मिलिग्रॅम साधारण २ ते ५ वर्षांच्या मुलांना, ५ मिलिग्रॅम ६ ते १४ वर्षांच्या मुलांना, १० मिलिग्रॅम त्यापुढच्यांना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला: भयंकर स्वप्नं, झोपेत चालणं, आक्रमकपणा, अस्वस्थता, नैराश्य, आत्महत्येचे विचार. नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी दुसरे उपाय लागू पडत नसतील तरच ते द्यावं, असंही त्या वेळी सांगितलं. मोठ्या लोकसंख्येच्या सगळ्याच अभ्यासांत हा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसलेला नाही, आणि बहुसंख्य रुग्णांना ही गोळी काही त्रास देत नाही. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही, पण लक्ष ठेवायला हवं. त्रास पहिल्या काही दिवसांत सुरू होऊ शकतो, काही महिन्यांनीही. सहा वर्षांचं मूल 'मला उदास वाटतंय' असं म्हणत नाही. ते रात्री किंचाळत उठतं, एकटं झोपायला घाबरतं, भावंडाला विनाकारण मारतं, नखं कुरतडतं. गोळी सुरू झाल्याची तारीख आणि वागणं बदलल्याची तारीख कॅलेंडरवर शेजारी शेजारी मांडा. मेळ बसत असेल तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. पंप मात्र चालूच ठेवा. बहुतेकांचा त्रास औषध बंद केल्यावर ओसरतो. काहींचा रेंगाळतो, म्हणून पुढचे काही आठवडेही नजर हवी.

नुसती ॲलर्जीची सर्दी असेल तर नाकातला स्टेरॉइड स्प्रे हा जास्त चांगला पहिला उपाय. तो उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा. म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही आणि नाकातून रक्त येत नाही. गुण यायला काही दिवस लागतात. दोन दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून लोक सोडून देतात आणि पुन्हा गोळीकडे वळतात.

दुसरं औषध दम्याचं नाहीच, पण दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतं: प्रोप्रॅनोलॉल. छातीत धडधड, हाताला कंप, स्टेजची भीती, अर्धशिशी यांवर ते देतात. आपल्याकडे एटिझोलाम किंवा क्लोनाझेपामबरोबर एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे रुग्णाला वाटतं आपण फक्त 'टेन्शनची गोळी' घेतोय. हा फेरा कसा बसतो ते पाहा. रुग्ण दम्यासाठी सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी घेतो. पंपाच्या दोन फवाऱ्यांत हेच औषध ०.२ मिलिग्रॅम असतं, म्हणजे गोळीत त्याच्या वीसपट, आणि तेही पोटातून सगळ्या अंगभर फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. तो ही तक्रार घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो आणि दम्याचा विषयच निघत नाही. चिंता आहे असं समजून प्रोप्रॅनोलॉल मिळतं. प्रोप्रॅनोलॉल श्वासनलिका आवळतं आणि वर ज्या दारातून सालब्युटामॉल काम करतं, तेच दार बंद करतं. मग धाप लागल्यावर पंप मारूनही उतार पडत नाही. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब याच कुळातले. डोळ्यात घातलेला थेंब छातीपर्यंत पोहोचतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण तो पोहोचतो. म्हणून डोळ्यांच्या, दातांच्या, मनाच्या कोणत्याही डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य असावं: 'मला दमा आहे.'

चिंता आणि नैराश्यावरची एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं दमेकऱ्याला साधारणपणे चालतात. अमेरिकेत डॅलसला दमा आणि नैराश्य दोन्ही असलेल्या रुग्णांवर सिटालोप्रामची चाचणी झाली होती, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात औषध घेणाऱ्यांना तोंडी स्टेरॉइडची गरज कमी पडली. झोपेच्या गोळ्यांबाबत मात्र हात आखडता हवा, आणि दम्याचा झटका चालू असताना तर नाहीच.

तोंडी स्टेरॉइडचा मनावर होणारा परिणाम मात्रेप्रमाणे वाढतो. बॉस्टनच्या औषध-देखरेख प्रकल्पाने १९७२ मध्ये दिलेले आकडे आजही वापरले जातात. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. झटक्यानंतर प्रौढांना साधारण ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच-सात दिवस देतात. ते सकाळी नाश्त्यानंतरच घ्यावं. संध्याकाळी घेतलं की रात्रभर डोळा लागत नाही. त्या दिवसांत माणूस जास्त बोलतो, चिडतो, आणि औषध संपल्यावर दोन दिवस गळाल्यासारखा होतो. घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं टळतात. या भीतीने स्टेरॉइडचा पंप मात्र सोडू नये. ब्युडेसोनाइडचे २०० मायक्रोग्रॅमचे रोज दोन फवारे म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. दोन्ही औषधं वेगळी असल्याने वजनाची थेट तुलना करता येत नाही, तरी फरकाचा अंदाज यावा. गंमत अशी की पंपाला घाबरून लोक लेबल नसलेल्या 'दम्याच्या पुड्या' घेतात, आणि तशा पुड्यांत तोंडी स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. दम्याची जुनी थिओफिलिन, इटोफिलिनची गोळीही झोप उडवते आणि बेचैनी आणते; तिच्याबरोबर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक घेतलं तर रक्तातली पातळी चढून फिट येण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

रात्री तीन वाजता जीव घाबरून जाग आली. हा दमा की मनाची धास्ती? श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर घरी असेल तर उत्तर मिनिटभरात मिळतं. बरं असतानाच्या दोन आठवड्यांत रोज उभं राहून, पूर्ण श्वास भरून तीनदा जोरात फुंकायचं आणि त्यातला सर्वात मोठा आकडा लिहायचा. त्या काळातला सर्वोत्तम आकडा समजा ४०० आला. रात्री फुंकल्यावर ३८० आला तर श्वासनलिका बऱ्यापैकी मोकळ्या आहेत. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, गरगरणं, पूर्ण श्वास भरताच येत नाही असं वाटणं, मधूनमधून मोठे उसासे, ही लक्षणं भराभर श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड कमी होऊन येतात. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि भीती आणखी चढते. खुर्चीत टेकून, नाकाने, पोट हलेल असा हळू श्वास घ्यायचा, बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय दमेकऱ्याने कधीच करू नये. आकडा २४० आला तर तो दमा आहे. मीटर नसेल किंवा शंका असेल तर दमाच धरून चालावं आणि पंप घ्यावा. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नये. ऑक्सिजन शेवटी शेवटी घसरतो.

झटक्यात स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) सालब्युटामॉलचे चार फवारे द्यावेत. एका वेळी एक फवारा, त्यावर चार ते सहा संथ श्वास, मग पुढचा. गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा, आणि तेवढ्यात दवाखान्याची वाट धरावी. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील, आकडा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याहून (वरच्या उदाहरणात २०० हून) खाली असेल तर थांबूच नये. एक गोष्ट ठळक करून छापावी अशी विनंती: झटक्यात धडपडणारा रुग्ण एकाएकी शांत झाला, पेंगू लागला, असंबद्ध बोलू लागला, छातीतली घरघर थांबली, तर तो बरा होत नसतो. कार्बन डायऑक्साइड साचून मेंदू गुंगीत जात असतो. 'आता जरा डोळा लागलाय, झोपू दे' म्हणणं इथे जिवावर बेतू शकतं.

मूळ सूज आटोक्यात आली तर मनावरचा भारही उतरायला मदत होते, पण त्यासाठी औषध छातीत पोहोचायला हवं. गॅसच्या पंपाचा श्वास संथ आणि खोल. कॅप्सूल फोडून ओढायच्या रोटाहेलरचा जोरात आणि झटक्यात. दोन्ही दिलेले असतील तर लोक नेमकं उलट करतात. गॅसचा पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, फवाऱ्याबरोबर आत घ्यायचा, दहा अंक मोजेपर्यंत रोखायचा. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर निसटताना दिसला तर औषध जिभेवर आणि हवेत गेलं. रोटाहेलर उघडून कॅप्सूल उजेडात धरा, भुकटी शिल्लक असेल तर पुन्हा ओढा. त्यात फुंकर मारू नका, भुकटी ओलसर होऊन चिकटते. नंतर खळखळून चूळ भरून टाका. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा. फडक्याने पुसला की स्थिर वीज तयार होऊन औषध भिंतीला चिकटतं. मोजणी नसलेल्या पंपावर, त्यात किती फवारे आहेत (बहुधा २००) ते पाहून, उघडल्याची तारीख मार्करने लिहावी. पंप पाण्यात तरंगवून पाहण्यात काही अर्थ नाही.

संथ प्राणायामाने अनेकांना बरं वाटतं. श्वसनाच्या व्यायामांवरच्या चाचण्यांतही जगण्याचा दर्जा सुधारल्याचं दिसलं आहे, फुप्फुसाची क्षमता किंवा सूज त्याने बदलते असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून ते पंपाच्या जोडीला करावेत, पंपाऐवजी नव्हे. धाप लागलेली असताना कपालभाती, भस्त्रिका नकोत.

दम्याच्या प्रत्येक तपासणीत दोन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही? किती दिवस उदास, निराश वाटलं? प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची चौकशी हवी. उलट बाजूने, मानसोपचाराच्या ओपीडीत दमेकरी आला तर गेल्या चार आठवड्यांत रात्री किती वेळा जाग आली, पंप किती वेळा लागला, आणि पंप कसा घेतो ते प्रत्यक्ष करून दाखव, एवढं विचारावं. उदास माणूस रोजचा पंप चुकवतो आणि सूज वाढते, मग मन अजून खचतं. ही साखळी कुठल्याही कडीला तोडता येते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मॉन्टेलुकास्ट २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं आहे, तेव्हा त्याच्या वेष्टनावर किंवा सोबतच्या चिठ्ठीवर मनावर होणाऱ्या परिणामांचा इशारा मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत असावा, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. प्रोप्रॅनोलॉल असलेल्या प्रत्येक संयुक्त गोळीवर 'दमा असल्यास घेऊ नये' हे ठळक असावं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पंपाबरोबर स्पेसर मिळावा आणि तो वापरायला शिकवणारं माणूस असावं. औषधाने त्रास झाला असं वाटलं तर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध-दक्षता क्रमांकावर नोंद करू शकतात. अशा नोंदी फार कमी होतात. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर केव्हाही बोलता येतं. दम्याच्या पुढच्या लेखात हे दोन क्रमांक आपण चौकटीत द्यावेत, ही विनंती.

आपले,
छातीविकार आणि मानसोपचार विभागांत काम करणारे काही डॉक्टर